जहाजावर माणसं : दोन

नागवेकर काका स्वतःच्या घरातसुद्धा दार वाजवून आत जायचे. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायचं असलं तरी दोनदा टकटक करायची, थोडं थांबायचं, मग आत. घरात दुसरं कोणी नसायचं. काकी जाऊन चार वर्षं झाली होती आणि मुलगी डोंबिवलीला होती. पहिल्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. त्यांनी दार वाजवलं तसं आत कोणीतरी मोठं माणूस असणार असं वाटून मी ओढणी सारखी करून नीट बसले. काका पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले, तरी मी त्यांच्या मागे दाराकडेच बघत होते.

"कोण नाय गो आत," ते म्हणाले. "सवय आहे."

गेल्या पावसाळ्यात काका वारले. त्यांच्यावर लिहावं असं तेव्हापासून मनात आहे. पण त्यांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. मी त्यांना जेमतेम दीड वर्ष ओळखत होते, तेही दुपारी दोन ते चार. तेवढंच मला लिहिता येईल.

माझं गाव जयगडजवळ. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली पहिली मीच. रत्नागिरीत बी.एस्सी.ला असताना मी शहरालगतच्या नाचणे गावात आत्याकडे राहत होते आणि काका आत्याच्या शेजारी. एकदा मी कपडे वाळत घालत असताना त्यांनी दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून विचारलं, "तुला मराठी टायपिंग येतं म्हणे?" मी हो म्हटलं. "आणि विज्ञान?" मी म्हटलं, फिजिक्स घेतलंय. काका इतके खूश झाले की मला भीतीच वाटली. ते कादंबरी लिहीत होते. अंतराळातली.

"भुताची आहे का?" मी विचारलं.

"भूत असतं तर बरं झालं असतं," काका म्हणाले. "सोबत तरी झाली असती."

काका चाळीस वर्षं बोटीवर ऑइलर होते, म्हणजे इंजिनाला तेलपाणी करणारे. बुटके, दंड जाड, डाव्या हातावर वाफेच्या पाइपाने भाजल्याचा लांब डाग. चष्म्याची काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. जेवून हात धुतले तरी ते पुन्हा एका फडक्याला पुसत, एकेक बोट वेगळं, जणू अजून ग्रीस लागलंय. आयुष्य समुद्रावर काढलेल्या या माणसाने घर मात्र मुद्दाम असं बघितलं होतं की समुद्र दिसणार नाही आणि ऐकूही येणार नाही. समुद्रालगत भाट्याला भावाची जागा होती, ती नको म्हणाले. कोणी मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला बोलावलं तर म्हणत, "बघितलाय मी तो. पुष्कळ बघितलाय."

त्यांच्या टेबलावर एक शाळेची वही असे. तीत रोज चार गोष्टींची नोंद. वार, वारा, पाणी, माणसं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोरच लिहिलं: "गुरुवार. वारा पश्चिमेचा. पाणी नळाला आलं, कमी दाबाने. माणसं दोन." मी निघाले तेव्हा त्यांनी चष्मा लावून घड्याळ बघितलं आणि त्याखाली लिहिलं: "चार वाजता, एक."

मला हसू आलं. ते म्हणाले, "हस. पण आपण किती जण आहोत ते रोज मोजावं माणसाने."

कादंबरीचा नायक सदा कोतवडेकर. शनीच्याही कितीतरी पुढे एक भलंमोठं मालवाहू यान बंद पडलेलं असतं. मालकांनी त्याचा नाद सोडलेला. बाकीची माणसं छोट्या यानातून परत गेलेली, आणि नियमाप्रमाणे राखण करायला कोणीतरी एक हवा म्हणून सदा मागे राहिलेला. काका यानाला बोटच म्हणायचे. मी टाइप करताना 'यान' करायची, ते वाचताना पुन्हा बोट म्हणायचे. पहिल्या प्रकरणात सदाला वारा लागत होता.

"काका, तिथे वारा नसतो."

"अजिबात?"

"हवाच नाही तर वारा कुठून?"

काकांनी विचार केला. "मग सदा सकाळी उठून रोजच्या नोंदीत काय लिहितो? वारा कुठला?"

"वारा नाही, असंच लिहील."

"रोज?"

"रोज."

त्यांनी चष्मा काढला. "हे फार भयंकर आहे गो," असं म्हणून त्यांनी ते लगेच वहीत उतरवून घेतलं. तेव्हापासून ते मला सायंटिस्ट म्हणायला लागले.

एका प्रकरणात सदाला बाहेरून कोणीतरी यानाच्या पत्र्यावर ठोकल्याचा आवाज येतो. मी म्हटलं, काका, पोकळीतून आवाज जात नाही. मला वाटलं, आता हे प्रकरण जाणार. काका बोटं पुसत राहिले. मग म्हणाले, "आणि पत्र्याला टेकून असलं तर?"

"टेकलेलं असलं तर धातूतून आवाज येईल."

"म्हणजे ते टेकूनच असणार," काका शांतपणे म्हणाले. पंखा चालू होता, बाहेर ऊन होतं, तरी मी माझी पाठ भिंतीपासून थोडी पुढे घेतली.

नाचण्यातली दुपार मला त्या घरात पहिल्यांदा कळली. दोन वाजले की गल्ली झोपायची. गाडी नाही, माणूस नाही, कावळासुद्धा फणसात गप्प. पंख्याची घरघर ऐकता ऐकता वाटायचं की ही खोली हळूहळू जमिनीपासून सुटते आहे, खाली अंगण नाही, गडगा नाही, आत्याचं घर नाही. काका लिहिता लिहिता थांबून खिडकीबाहेर बघत. "अंतराळ बघायला लांब जायला नको," ते म्हणत. "दुपारी दोनला नाचण्यात ये." मी टाइप करत असायची आणि शब्द पाण्याखालून वर आल्यासारखे पडद्यावर येत. कधी कधी मला खरंच कळत नसे की हे मी वाचून लिहिते आहे की ते बोलत आहेत.

आत्याला हे फारसं पसंत नव्हतं. "तो माणूस एकटाच बोलतो गं," ती म्हणायची. "परवा मी कोथिंबीर द्यायला गेले तर आत कोणाला तरी सांगत होता, मी जरा पाणी प्यायला उठतो. मी विचारलं पाहुणे आलेत काय, तर म्हणाला, नाय, कळवलेलं बरं."

एकदा वाचनालयात नवीन लिहिणाऱ्यांनी वाचायचा कार्यक्रम होता. काकांना मीच आग्रहाने नेलं. पंधरा-वीस माणसं होती. काकांनी एक प्रकरण वाचलं, आवाज न चढवता, न उतरवता, नोंद वाचल्यासारखं. संपल्यावर एक निवृत्त मास्तर उठले. म्हणाले, "सगळं ठीक, पण आपला कोकणातला माणूस अंतराळात कशाला तडफडायला गेला?"

लोक हसले. काका पण हसले. मग म्हणाले, "मास्तर, कोकणातला माणूस गेला नाय कुठे? मुंबईला गेला, बोटीवर गेला, आखातात गेला. घराला कुलूप आणि माणूस बाहेर. अंतराळ तेवढं राहिलं होतं."

मास्तर बसले. परत येताना रिक्षात काका हातातले कागद गुंडाळत, उलगडत होते. मग एकदम म्हणाले, "खरं विचारलं त्यांनी. मी सदाला कशाला नेऊन ठेवला तिथे." मला वाटलं, हा प्रश्न माझ्यासाठी नाही.

कादंबरीत एका जागी काका अडलेले होते, आणि ती जागा मला सांगायलाच हवी.

सदाच्या गावात शिमग्याला पालखी निघते, त्या दिवसाचा हिशोब तो यानात बसून धरतो. त्या दिवशी त्याला राहवत नाही आणि तो गाऱ्हाणं घालतो. आमच्या भागात गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने एका जाणत्या माणसाने देवाला उभ्या उभ्या सांगितलेली विनंती. तो एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले सगळे मिळून "होय म्हाराजा" म्हणतात. सदा एकटा आहे. तरी तो म्हणतो, "बा देवा, ह्या लोखंडावर राहिलेल्या माणसाला सांभाळून घे रे म्हाराजा." आणि मागच्या रिकाम्या कोठाराच्या दाराआडून हळू आवाजात येतं: होय म्हाराजा.

"गाऱ्हाणं एकट्याने घालायचं नसतं," काका मला म्हणाले. "होय म्हणणारी माणसं जमवून मगच तोंड उघडायचं. कोणी नसेल तर मग होय म्हणायला कोण येईल ते सांगता येत नाय. सदाची चूक ती."

हे प्रकरण टाइप करताना त्यांनी मला सांगितलं, "मी म्हणतो, तू होय म्हाराजा म्हण. कानाला बरोबर लागतं का बघू."

मला अवघड झालं. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांच्या लहानपणी गावच्या गाऱ्हाण्याला आमच्या वाडीने लांब उभं राहायचं असे. माझे वडील म्हणतात, ज्या हाकेत आपल्याला कधी धरलं नाही तिला आपण ओ द्यायची नाही. मी काकांना हे सगळं नीट सांगू शकले नाही. "काका, आमच्याकडे नाही म्हणत," एवढंच म्हटलं आणि मान खाली घातली.

काकांनी चष्मा काढून फडक्याने पुसला. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझ्या बापाचं." मी वडिलांचं नावही काढलं नव्हतं. त्यानंतर ते गाऱ्हाण्याची वाक्यं वाचत आणि जिथे उत्तर यायचं तिथे थांबून जात. ती जागा पंख्याच्या आवाजाने भरायची.

पुढचं असं होतं. सदाला सोडवायला माणसं येतात. यानाला यान जोडलं जातं, झडप उघडते, निघायची वेळ होते. आणि सदा कोठाराच्या दाराकडे बघतो. इथे काका थांबले होते, माझ्या आधीपासून, काकी असल्यापासून. एक शेवट त्यांनी मला टाइप करायला दिला होता, त्यात सदा मागे न बघता निघून जातो. दुसऱ्या दिवशी तो फाडला. दुसऱ्यात सदा दार उघडतो. तो तर अर्ध्यातच सोडला. मुलगी दर रविवारी फोन करून डोंबिवलीला बोलवायची आणि काका दर रविवारी म्हणायचे, "हे संपलं की येतो."

"इतकं काय आहे त्यात?" एकदा मी धीर करून विचारलं. "कुठलातरी एक शेवट घ्या ना."

तेव्हा काकांनी दोनदा टकटक करून आतल्या खोलीत जाऊन एक जुनी, तेलकट पुठ्ठ्याची वही आणली. "वाच. मी चहा ठेवतो."

ती त्यांची बोटीवरची वही होती. हे मला त्या दिवशी कळलं की सदाच्या आधी काका मागे राहिले होते. आखातातल्या एका बंदराबाहेर त्यांची बोट अडकली. मालकाने ती सोडून दिली. बाकीचे खलाशी घरी गेले आणि तिथल्या कायद्याप्रमाणे राखणीला एक माणूस हवा म्हणून एका कागदावर काकांनी सही केली. कागद कुठल्या भाषेत होता ते त्यांना अजूनही सांगता येत नव्हतं. सात महिने. आठवड्याला एक होडी पाणी आणि शिधा द्यायची. रोज वहीत नोंद करायला सांगितलेली.

मी पानं उलटत गेले. वार, वारा, पाणी, माणसं. माणसं एक. माणसं एक. पानामागून पान. वारा बदलत होता, पाणी कमीजास्त होत होतं. शिमग्याच्या सुमाराच्या एका पानावर, त्याच अक्षरात, त्याच पेनाने लिहिलं होतं: माणसं दोन.

त्याच्यापुढे रोज दोन. शेवटच्या पानापर्यंत.

काका चहा घेऊन आले. माझ्या हातातलं पान त्यांनी बघितलं. "मला लिहिल्याचं आठवत नाय," ते म्हणाले. "गाऱ्हाणं घातलं ते आठवतं. वहीतलं नाय आठवत."

"आणि उत्तर?"

त्यांनी बशीत चहा ओतला. "तेव्हा मला ते नवल वाटलंच नाय गो. उलट बरं वाटलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"सोडवायला चार जण आले. त्यांनी वही बघितली. म्हणाले, दुसरा माणूस कुठाय? मी म्हटलं, दुसरा कोण नाय. म्हणाले, हे तूच लिहिलंस ना? मग शोधायला लागले. इंजिन रूम, कोठारं, टाक्या. दोन तास. आणि ऐक, त्यांच्याबरोबर मी पण शोधत होतो. नाय सापडला. मग मला होडीत बसवलं. होडी सुटली. आणि अर्ध्या वाटेवर माझ्या ध्यानात आलं की सगळ्यांनी शोधला, पण हाक कोणी मारली नाय. मी पण नाय. मालकाने मला टाकला तसा मी त्याला टाकून आलो."

"पण काका, तो नव्हताच ना."

"नव्हता, ते मला कळतं. मी एवढा पण खुळा नाय." ते हसले. मग दाराकडे बघून म्हणाले, "पण तिकडे जो राहिला तो कोण, सायंटिस्ट? मला कधी कधी वाटतं उतरला तो दुसराच, आणि मी अजून बोटीवर आहे. म्हणून दार वाजवतो. आत असलो तर कळेल."

मला तेव्हा पहिल्यांदा समजलं की शेवट सदाचा अडलेला नव्हता.

परीक्षा झाली. मला पुण्याला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. वडील बंदरावरची कामाची पाळी संपवून तसेच पेढे घेऊन आत्याकडे आले होते. काकांना पेढा दिला तर त्यांनी तो अर्धा खाल्ला आणि अर्धा बशीत ठेवला. विचारलं, "कधी निघणार?" मी दिवस सांगितला. काका म्हणाले, "मग आदल्या दिवशी ये. लॅपटॉप घेऊन ये. मी कागदावर नाय लिहिणार, तोंडी सांगणार."

आदल्या दुपारी मी गेले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलावर कागद नव्हता. ते बसले नाहीत, उभेच राहिले, आणि सांगू लागले. सदा झडपेपाशी उभा आहे. आलेल्यांपैकी एक जण, अगदी नवखी मुलगी, त्याला घ्यायला थांबली आहे. सदा कोठाराच्या दाराकडे तोंड करून हात जोडतो. माझी बोटं चालत होती. काकांनी खरंच हात जोडले होते, आतल्या खोलीच्या दाराकडे तोंड करून.

"बा देवा," ते म्हणाले. आवाज नोंद वाचण्याचा नव्हता. "ह्या लोखंडावर जो कोण मागे राहिला असेल, ज्याला आम्ही मोजला पण हाक मारली नाय, त्याला आज आमच्याबरोबर उतरव रे म्हाराजा."

आणि थांबले.

पंखा घरघरत होता. बाहेर ऊन होतं, गल्लीत कोणी नव्हतं. खोली पुन्हा जमिनीपासून सुटल्यासारखी वाटली. काका हात जोडून दाराकडे बघत उभे होते. मला माहीत होतं की ते माझ्याकडून उत्तर मागत नाहीत. मी नाही म्हटलं त्या दिवसानंतर त्यांनी कधी मागितलं नव्हतं. ते नेहमीची जागा रिकामी सोडत होते, आणि ती जागा कोण भरेल याची त्यांना भीती वाटत होती. मला वडील आठवले. लांब उभे राहिलेले आजोबा आठवले, ज्यांना मी बघितलंही नाही. आणि समोर हा म्हातारा माणूस एकटाच गाऱ्हाणं घालून उभा होता, पुन्हा तीच चूक करून.

मी म्हटलं, "होय, काका."

काकांनी मान वळवली. दाराकडून माझ्याकडे. त्यांचा चेहरा मला सांगता येणार नाही. दूरवरून हाक येते आणि कुठल्या बाजूने आली ते माणूस शोधतो, तसा होता.

"काय म्हणालीस?"

"होय, काका."

त्यांनी हात सोडले. खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "टाइप कर."

"काय टाइप करू?"

"तेच. ती पोरगी म्हणते, होय, काका. तिला गाऱ्हाणं माहीत नाय. पण ती म्हणते." मग फडकं घेऊन एकेक बोट पुसायला लागले. "मग दोघं उतरतात. संपलं."

"दोघं म्हणजे कोण, काका?"

"ते वाचणाऱ्याने मोजावं."

कादंबरी अजून छापलेली नाही. ती माझ्याकडे आहे, त्यांच्या मुलीकडे आहे. मी पुण्याला गेल्यावर महिन्याभराने काका डोंबिवलीला गेले. ते वारल्यावर मी त्यांच्या मुलीला फोन केला, तेव्हा चाचरत विचारलं की तिथेही ते घरात दारं वाजवायचे का. ती रडता रडता हसली. "छे गं. उलट बाबा कुठेही सरळ घुसायचे. माझा मुलगा वैतागायचा, आजोबांना सांग दार वाजवत जा म्हणून."

पण मला आठवतात ते निघायच्या दिवशीचे काका. सकाळची वेळ, आत्या पिशवी घेऊन पुढे रिक्षापाशी गेलेली. मी त्यांना भेटायला गेले. त्यांनी मला मोसमातले शेवटचे चार आंबे दिले, पुण्यात असले मिळत नाहीत म्हणून. नोंदीची वही उघडी होती, त्यात अजून काही लिहिलं नव्हतं. मी वाकून नमस्कार केला आणि निघाले. काका फाटकापर्यंत आले, फाटक उघडून धरलं.

मी बाहेर पडले, रस्त्यावर येऊन वळून बघितलं. काकांनी फाटक लगेच लावलं नाही. एका हाताने ते धरून, जरा बाजूला सरकून, ते उभे होते. एक माणूस अंगाला न लागता जाईल इतकी जागा सोडून, आणि एक माणूस जाईल इतका वेळ.

मग त्यांनी फाटक लावलं, कडी घातली, आणि दार न वाजवता आत गेले.